रविवारचा फोटो

"जेवलात का?" असं विचारून फोटो काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे फोटोवाले हसा म्हणतात, इकडं बघा म्हणतात, हनुवटी जरा खाली घ्या म्हणतात. मामा कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि समोरच्याला विचारायचे, "जेवलात का?" माणूस गोंधळायचा, मग पोटाचा अंदाज घेऊन खरं उत्तर द्यायला तोंड उघडायचा आणि तेवढ्यात मामांनी बटण दाबलेलं असायचं. फोटोतला माणूस आपल्याच घरात बसल्यासारखा दिसायचा. एकदा एका मोठ्या पाहुण्यांनाही त्यांनी तेच विचारलं. पाहुणे म्हणाले, "कुठलं हो, सकाळपासून चौथा कार्यक्रम." त्या फोटोत पाहुणे पहिल्यांदा माणसासारखे दिसत होते. आमच्या आवृत्तीप्रमुखांनी अर्थातच तो छापला नाही.

मामा हे काही त्यांचं नाव नव्हे. नांदेडच्या आमच्या ऑफिसात शिपायापासून आवृत्तीप्रमुखांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. मी औशाजवळच्या खेड्यातली, लातूरला कॉलेज करून नांदेडला पेपरात लागलेली. माझ्याकडं जिल्ह्याचं पान होतं, म्हणजे हळदीकुंकू, स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, सेवानिवृत्तीचे सत्कार आणि त्यांचे फोटो. फोटो मामा आणायचे, ओळी मी लिहायची. मामा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटकुळे, भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांच्या शर्टाची मनगटाची गुंडी लावलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कुठली गं माय तू?" मी गाव सांगितलं. "तिथं फोटो काढलेला हाय मी," म्हणाले आणि खरंच आमच्या शाळेच्या पटांगणातल्या चिंचेचं वर्णन करून सांगितलं. त्या दिवसापासून मला नांदेड परकं वाटलं नाही.

त्यांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत कॅमेरा सोडून बरंच काही असायचं. सेफ्टी पिनांची माळ, रडक्या पोरांसाठी बिस्किटाचा पुडा आणि एक कंगवा. त्या कंगव्यानं अर्ध्या जिल्ह्यानं भांग पाडला असेल. सरपंचांनी, सत्कारमूर्तींनी, नवरदेवांनी. मी एकदा कोंड्याचा विषय काढला, तर मामा माझ्याकडं बघतच राहिले. "केस इस्कटलेला माणूस फोटोत गरीब दिसतो, माय. असंल गरीब, पण पेपरात कामून दिसावा?" पुढं एकदा ऑफिसच्या गडबडीत मीही तो कंगवा वापरला.

कार्यक्रमाला ते तासभर आधी जायचे. "पाहुणा उशिरा येतो, सतरंजी येळंवर येते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सतरंजी अंथरणारे, माईक तपासताना आपलाच आवाज ऐकून लाजणारे, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरणारे, हे सगळे मामांच्या कॅमेऱ्यात. मग पाहुणे आले की दिव्याचा एक फोटो आणि शालीचा एक. "दिवा आन् शाल कुठंबी सारखीच असते, दोन काढून काय करायचे?" एवढं म्हणून ते व्यासपीठाकडं पाठ करायचे. आयोजकांच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. "खाल्लं की फोटो मऊ येतो," म्हणायचे. एका मंडळाचे अध्यक्ष ऑफिसात येऊन तावातावानं भांडले होते. त्यांचं भाषण चालू असताना म्हणे आमचा माणूस बाहेर चपला राखणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो काढत होता. मामा शांतपणे म्हणाले, "तिथं तेवढा एकटाच माणूस काम करत होता." अध्यक्ष पाय आपटत निघून गेले.

पण मामांचा खरा जीव होता तो रविवारच्या फोटोत. सोमवारच्या अंकात, पान चारवर, तीन कॉलम. रविवारी लोक कुठं गेले, कसे बसले, काय खाल्लं, एवढाच विषय. कधी गोदावरीचा घाट, कधी विष्णुपुरीचं पाणी, कधी सहस्रकुंडाचा धबधबा आणि बाकी रविवारी शहरातली बाग. मामा सकाळीच लुना काढायचे. "बाकी समदं लोक मागतात म्हणून छापतो आपण," ते म्हणायचे. "हे कुणी मागत न्हाई. म्हणून हे खरं." फोटोत जो येईल त्याचं नाव, गाव आणि तो कुणाला घेऊन आला, हे सगळं ते छोट्या डायरीत लिहून घ्यायचे, डावीकडून उजवीकडं. अशा डायऱ्यांची घरी त्यांनी एक पेटी भरली होती. आणि एक नियम होता, त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. रविवारचा फोटो त्याच रविवारचा पाहिजे. "भाकर शिळी चालते, माय. फोटो चालत न्हाई."

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास ते माझ्या टेबलापाशी येत. माझ्या संगणकावर तीन फोटो उघडून ठेवत आणि हात मागं बांधून विचारत, "कोणता?"

हे मला विचारलं जायचं, एवढ्यानंच मी हरखून जायची. ऑफिसात बाकी कुणी मला काही विचारत नव्हतं, सांगत मात्र सगळे होते. एका रविवारी तीनमधला एक फोटो बघून मी ताबडतोब बोट ठेवलं. देगलूरकडचं एक कुटुंब बागेतल्या गवतावर बसलेलं आणि एकच कुल्फी चौघांत फिरत असलेली. बापानं कुल्फी पोरीपुढं धरलेली, तिचे डोळे मिटलेले. मामा म्हणाले, "चांगला हाय. पण हा न्हाई." मी कारण विचारलं. "त्यांना मी सांगून आलोय, सोमवारचा पेपर घ्या म्हणून. ते घेतील, गावात दाखवतील. एक कुल्फी चौघांत खाल्ली हे साऱ्या गावाला कामून दाखवायचं?" मग आम्ही दुसरा छापला, त्यात चौघं नुसतेच हसत होते. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. फोटो बघायला मी त्या संध्याकाळी शिकले असं अजून वाटतं.

आणि तरीही पुढची चूक मीच केली.

एका शुक्रवारी मामा म्हणाले, "ह्या रविवारी मी न्हाई. पाहुण्यांत लग्न हाय. फोटो टाकू नको, जाहिरात असली तर लाव." मी हो म्हटलं. रविवारी जाहिरात आली नाही. तीन कॉलमांचं भोक समोर आणि आवृत्तीप्रमुख दारातून डोकावून विचारतायत, "पान झालं का, पान झालं का?" मामांचा फोटोंचा फोल्डर सगळ्यांना उघडा असायचा. मी तो धुंडाळला. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारचा एक फोटो सापडला. त्या वेळी दुसराच काहीतरी छापला होता, हा तसाच पडून होता. बागेतल्या लहान मुलांच्या झोक्यावर एक बाई बसलेली आणि मागून एक वयस्कर गृहस्थ झोका देतायत. वाऱ्यानं बाईंचा पदर तोंडावर आलेला, चेहरा दिसत नाही. गृहस्थांचा मात्र स्वच्छ दिसतोय, मनापासून हसरा. छापलेला नाही म्हणजे ताजाच, असं मी स्वतःला पटवलं. नावं माझ्याकडं नव्हती, डायरी मामांच्या घरी. मी ओळ लिहिली, 'रविवारच्या सुट्टीत बागेत झोक्याचा आनंद लुटताना ज्येष्ठ दांपत्य.' लिहून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

बुधवारी दुपारी एक गृहस्थ ऑफिसात आले. पांढरं धोतर नाही की काही नाही, साधी इस्त्रीची पँट, बुशशर्ट, हातात घडी केलेला आमचा पेपर. चेहरा ओळखीचा वाटला, आणि मग कळलं की फोटोतलेच. मामा माझ्याच शेजारी खुर्चीवर बसून लेन्स पुसत होते.

"हा फोटो आपल्याकडंच छापला का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. आणि वर मूर्खासारखं विचारलं, "छान आलाय ना?"

"छान आलाय," ते म्हणाले. "पण झोक्यावर बसलीय ती माझी पत्नी. तिला जाऊन दहा महिने झाले."

मामांनी लेन्स खाली ठेवली, पेपर हातात घेतला, एकदा फोटोकडं आणि एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही उमरीचे गुरुजी. बाईंचं माहेर धर्माबादचं. इथल्या बाजारातून मिरची घेऊन आलता तुम्ही, पोतं झाडाखाली ठेवलं होतं. मी बाईंना विचारलं जेवलात का, तर त्याच मला म्हणाल्या, भाऊ तुम्ही जेवलात का? मला असं उलटून कुणी इचारत न्हाई."

गुरुजी तेव्हा खुर्चीवर बसले. मी पाणी आणून दिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. सोमवारी सकाळीच उमरीत पेपर घरोघर फिरला. वर्ष फिरलं नाही आणि गुरुजी नांदेडच्या बागेत कुणाला तरी झोके द्यायलेत. तेही पेपरात दांपत्य म्हणून लिहून आलंय, म्हणजे लग्नच केलं की काय. कुणीतरी तो फोटो पुण्याला त्यांच्या मुलाच्या फोनवर पाठवला. मुलाचा फोन आला, "बाबा, कळवायचं तरी."

"मी त्याला म्हटलं, अरे ती तुझी आई आहे," गुरुजी म्हणाले. "तो म्हणाला, बाबा, पेपरात ह्या रविवारचं लिहिलंय. आता काय बोलू? पेपर वाचत जा, त्यात खरं असतं, असं मीच पोरांना जन्मभर शिकवलं. मला भांडायचं नाही. तेवढं एक छापा, फोटो जुना आहे म्हणून."

मामा उठून आवृत्तीप्रमुखांच्या खोलीत गेले. मीही मागून गेले. आवृत्तीप्रमुख वाईट माणूस नव्हते, पण पेपरच्या नावाला फार जपायचे. "संग्रहित छायाचित्र असं लिहायला हवं होतं, राहून गेलं," ते म्हणाले. "पण आता खुलासा छापला, तर उद्यापासून लोक प्रत्येक फोटोची तारीख विचारतील."

"विचारू द्या की," मामा म्हणाले.

"नाही जमायचं, मामा."

बाहेर येऊन मामांनी गुरुजींना सांगितलं, "मुलाला रविवारी गावाकडं बोलवा. आम्ही येतो." मला ते काही बोलले नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. दोन दिवसांनी फक्त एवढंच म्हणाले, "रविवारी सकाळच्या गाडीनं उमरीला जायचं. बोलायचं तुला हाय."

स्टेशनवर मामा आले तर खांद्याला पिशवी नाही. रविवार असून कॅमेरा नाही, असं मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. हातात एक खाकी पाकीट. "कॅमेरा?" मी विचारलं. "आज घ्यायला न्हाई, द्यायला चाललो," ते म्हणाले. उमरीपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवली. प्रत्येक वाक्यात मी स्वतःला थोडं सोडवून घेत होते. जाहिरात आली नाही, वेळ नव्हता, साहेब घाई करत होते.

गुरुजींच्या अंगणात आठ-दहा माणसं जमली होती. शेजारी, शाळेतले दोन जुने सहकारी, एक ठसठशीत म्हातारी आणि पुण्याहून आलेला मुलगा, भिंतीला टेकून उभा, तोंड पाडून. मामा ओट्यावर बसले आणि माझ्याकडं बघितलं. जुळवलेली सगळी वाक्यं पळाली. मी म्हणाले, "फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे. झोक्यावर ह्यांच्या घरच्याच बाई आहेत. आमच्याकडं त्या दिवशी फोटो नव्हता, म्हणून मी जुना काढून छापला आणि रविवारचा म्हणून लिहिलं. खोटं मी लिहिलं. गुरुजींचा काही दोष नाही."

म्हातारी म्हणाली, "मंग तवाच तसं लिहायचं की गं बाई. चार ओळी तर लिहिता."

"चुकलं, आजी," मी म्हणाले.

मामांनी पाकिटातून डायरी काढून मुलाच्या हातात दिली. त्यात तारीख होती, दोघांची नावं होती, गाव होतं, आणि पुढं लिहिलं होतं, 'मिरची घेऊन परत चालले'. मुलानं ते दोनदा वाचलं. मग मामांनी त्या दिवशीचे बाकीचे फोटो गुरुजींच्या मांडीवर ठेवले. सात-आठ होते. त्यांत पदर बाजूला होता आणि बाईंचा चेहरा पूर्ण दिसत होता. पाय जमिनीवरून सुटलेले, मान मागं टाकलेली, तोंड उघडं टाकून हसणाऱ्या.

म्हातारी वाकून बघत म्हणाली, "आमची शेजारीणच हाय ही. पायातले जोडवे बी तेच." जमलेल्यांचं काम तिथंच संपलं. पण गुरुजी फोटो खाली ठेवेनात.

"ही हसत होती?" त्यांनी मामांना विचारलं.

"हाव. लई."

"मी मागून झोका देत होतो, मला चेहरा कुठला दिसतोय. ती ओरडत होती ना, मला वाटलं घाबरलीय, थांबवा म्हणायलीय. म्हणून मी लगेच झोका धरला. उतरल्यावर मला रागावली सुद्धा, लोकांत शोभा केली म्हणून." ते पुन्हा फोटोकडं बघायला लागले. "अजून थोडा वेळ द्यायचा होता मग झोका."

मुलगा भिंतीपासून निघून वडिलांच्या शेजारी येऊन बसला. त्यांच्या हातातला एक फोटो त्यानं घेतला आणि बापलेक दोघंही तो बघत बसून राहिले. आम्ही निघालो तेव्हा कुणाचं आमच्याकडं लक्षही नव्हतं.

त्या रविवारी मामा उमरीत होते, म्हणून सोमवारी रविवारचा फोटो नव्हता. आवृत्तीप्रमुखांनी ती जागा वाचकांनी फोनवर पाठवलेल्या फोटोंनी भरली. चार फोटो, चारही आपापल्या हातानं काढलेले. वाचक खूश झाले, पुढच्या रविवारी चाळीस आले. मामांना कुणी थांबा म्हटलं नाही, पण पान चारवर त्यांना जागाच उरली नाही. दोन-तीन रविवार ते बागेत जाऊन फोटो घेऊन आले. माझ्या संगणकावर एकच फोटो उघडायचे. "कोणता?" म्हणून विचारायचे नाहीत. तो एक फोटोही मी छापू शकत नव्हते. मग ते रविवारी यायचे बंद झाले. बाकी दिवस दिवा एक, शाल एक, वेळच्या वेळी देत राहिले. माझ्याशी बोलणं नेहमीसारखंच, माय म्हणणंही तसंच. पण तो एक प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही, आणि माझी जागा मी कशानं घालवली हे मला चांगलं ठाऊक होतं.

नंतर त्यांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना हैदराबादला घेऊन गेली. मी बदली मागून लातूरला आले. आता इथल्या पानाची जबाबदारी माझ्याकडं आहे. दिवसभर फोनवर फोटो येत राहतात. सत्कार, दिवे, शाली, केक. सगळे छान भांग पाडलेले, सगळे कॅमेऱ्याकडं बघणारे. चपला राखणारा त्यात एकही नसतो, सतरंजीवाला नसतो. मला मामांची फार आठवण येते. आठवण म्हणजे नुसतं बरं वाटणं नव्हे, आत काहीतरी ओढ लागते. रविवारी पाच वाजले की मी उगीच खुर्चीत मागं वळून बघते.

मागच्या महिन्यात न राहवून फोन केला. मागं तेलुगू मालिकेचा आवाज येत होता. गुडघ्यांचं झालं, हैदराबादच्या पाण्याचं झालं. मग मी म्हटलं, "मामा, एक विचारू? तुम्ही मला माफ केलंत का? त्या फोटोबद्दल?"

त्यांनी कुणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितलं.

"मी लग्नाला गेलोच न्हवतो," ते म्हणाले.

"कुठल्या लग्नाला?"

"त्या रविवारी. लग्न न्हवतंच. दोन दिवस आधीपासूनच कंटाळा आलता, म्हणून तुला लग्नाची थाप मारली होती. तरी सकाळी सवयीनं बूट घातले, लुना भाईर काढली आन् वाटलं, दर रविवारी तेच. तेच झोके, तीच भेळ. आज न्हाई काढला तर काय बिघडतंय. बूट काढले आन् दिवसभर झोपलो. मंग उमरीला तुला उभं केलं आन् मी ओट्यावर बसून ऐकलं. तू समदं खरं बोललीस. मी तोंड उघडलं न्हाई. त्याच्यानंतर कोणता म्हणून कोणत्या तोंडानं इचारू तुला?"

इतकी वर्षं मी जे उराशी धरून बसले होते, ते असं निघालं. मला हसू येत होतं आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी म्हटलं, "मामा, जन्मभर राबलात. एक दिवस झोपलात तर काय झालं?"



"त्या रविवारी बागेत कोण आलतं, माय," ते म्हणाले, "ते आता कुणालाच माहीत न्हाई."